आधी आबांना कळवा

फैसल धुळ्याचा. पुण्यातली नोकरी सोडून आपण घरून काम करतो, असं तो सांगे. घरी बसलाय, असं मोहल्ला सांगे. पण एका गोष्टीचा त्याला भारी तोरा होता. कॉम्प्युटरमधलं इंटरप्ट म्हटलं की फैसल! जळगावच्या एका कॉलेजात त्याने पोरांसमोर तासभर भाषण ठोकलं होतं. सेन्सर हाक मारतो, प्रोसेसर हातातलं काम टाकून तुमच्या हँडलरमध्ये, म्हणजे त्या हाकेसाठी लिहिलेल्या कोडमध्ये, शिरतो, आणि तिथे असेपर्यंत त्याला दुसरी हाक ऐकू येत नाही. म्हणून आत जा, हाक टिपून घ्या, बाहेर पळा. बाकीचं मागाहून. आत गप्पा मारत बसणारा गाढव! पोरांनी टाळ्या वाजवल्या. गाढवानेही वाजवल्या असत्या, पण त्याच्या हातात माईक होता.

त्या भाषणाची कीर्ती ऐकून मोहिनीने त्याला काम दिलं. मोहिनी कॉलेजात त्याच्याच वर्गातली, आता रावेरकडच्या एका केळीवाल्या घरची धाकटी सून. हिरवा माल व्यापाऱ्याच्या हवाली करण्यापेक्षा आपणच पिकवून विकू, म्हणून वर्षभर घराशी भांडून तिने रायपनिंग चेंबर, म्हणजे केळी पिकवायची थंड खोली, उभं करायला लावलं होतं. थोरले दीर लोटनआबा शेवटी कसेबसे हो म्हणाले. "एक उन्हाळा पाहू. नाई जमलं तर खोलीले कुलूप." त्या खोलीतले सेन्सर, पंखे आणि थंड करायचं यंत्र कॉम्प्युटरला जोडणारा ड्रायव्हर फैसलने लिहिला.

मोहिनीच्या नवऱ्याने, भूपेंद्रने, एक अट घातली. खोलीचं दार उघडलं की मेसेज यायला हवा. पहिला आबांना, मग मधल्या दोघा भावांना, आधी पुनाभाऊंना, मग वनाभाऊंना, शेवटी त्याला स्वतःला. "धाकट्याला आधी कळलेलं आमच्याकडे चालत नाही," तो म्हणाला. फैसलला हे लगेच पटलं. त्याच्या घरीही चांदचाचांच्या आधी दुसऱ्या कुणाला बातमी कळली की ईदपर्यंत रुसवा चाले. म्हणून त्याने मोठ्या अदबीने सोय केली. आबांना मेसेज पाठव, तो पोचल्याची पावती येईपर्यंत थांब, मग पुनाभाऊ. आणि ही सगळी अदब कुठे लिहिली? हँडलरच्या आत! दार असं कितीदा उघडणार, चार मेसेजना वेळ तो किती लागणार, म्हणे. हँडलरमध्ये झोपायला, म्हणजे काम बाजूला ठेवून पडून राहायला, बंदी असते, एवढं मात्र पठ्ठ्याने पाळलं. न झोपता मेसेज पाठवणाऱ्या मॉडेमला विचारत बसायचं, पोचला का? पोचला का?

मे महिन्यात पुनाभाऊ लग्नाला शिंदखेड्याला गेले आणि त्यांच्या फोनची बॅटरी उतरली. इकडे मोहिनीने सकाळी खोलीतली हवा बदलायला दार उघडलं आणि थोड्या वेळाने लावलं. आबांना मेसेज पोचला. पुनाभाऊंना पोचेना. पोचला का? नाही. पोचला का? नाही. खोली तापायला लागली, तापमानाचा सेन्सर जीव तोडून हाका मारू लागला, पण त्याचं ऐकणार कोण? पडद्यावर सतरा अंशांचा आकडा तसाच थिजला होता, म्हणून घरात सगळे निर्धास्त. दुपारी मोहिनीने दार उघडलं तर आत भट्टी. तिने धावत जाऊन यंत्र हाताने चालू केलं. अर्धी क्रेटं वाचली, अर्ध्यांचा शिरा झाला.

दुसऱ्या दिवशी फैसल पोचला तेव्हा चौघे भाऊ ओट्यावर बसले होते आणि मोहिनी खाली बसून मऊ केळी निवडत होती. कुणी तिच्याशी बोलत नव्हतं. फैसलने लॅपटॉप उघडला आणि पाच मिनिटांत त्याला आपलाच कोड दिसला. त्याचे कान तापले.

"सांग बाबा," वनाभाऊ म्हणाले. "हिनं दार नीट लावलं नसंन, व्हय ना?"

आयती पळवाट! त्याने नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं. नाहीतर लाइटवर ढकलता आलं असतं. लाइटवर ढकललेलं इथे कुणीही मानतं. फैसलने तोंड उघडलंसुद्धा. मग त्याने मोहिनीकडे पाहिलं. तिने मान वर केली नव्हती, पण तिचे हात थांबले होते.

"दाराचं काही नाही," तो म्हणाला. "चूक माझी आहे. बठ्ठी, सगळी माझी." आणि त्याने पुनाभाऊंच्या फोनपासून सगळं सांगून टाकलं. पुनाभाऊंनी उगाचच खिसा चाचपला.

"आता काय करशीन?" आबांनी विचारलं.

"हाक आली की फक्त टिपायची. मग लगेच यंत्र चालू. मेसेज त्यानंतर, सवडीने, सगळ्यांना एकदम."

"म्हंजे आबाले पहिले नाई?" वनाभाऊ चमकले.

"नाही."

आबांनी खिशातून फोन काढला. "काल मले आला होता मेसेज," ते म्हणाले. "दार उघडलं, म्हने. मी वाचला अन् फोन खिशात टाकला. दुसरं काय करनार होतो मी?" मग त्यांनी मोहिनीकडे बोट दाखवलं. "हिले जातो का मेसेज?"

फैसलने यादी पाहिली. खरं तर पाहायची गरज नव्हती. चार नंबर, चारही पुरुषांचे. दिवसभर त्या खोलीपाशी जी असते, जिने त्याला हे काम दिलं, तिचं नाव त्यात नव्हतं.

"मला कुणी तसं सांगितलं नव्हतं," तो पुटपुटला, आणि आपण काय बोललो ते ऐकून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तू विचारलं पण नाहीस," मोहिनी म्हणाली.

"कुलपाचं राहू दे सध्या," आबा उठत म्हणाले. "माहा नंबर काढ त्यातून. हिचा टाक."

फैसलने टाकला. तो तिला विचारावा लागला नाही. कॉलेजपासून त्याच्या फोनमध्ये होता.