पेटंटच्या आधीचं जेवण

त्याच्या पोटात काही राहत नाही, हे सासरच्यांनी साखरपुड्यातच ओळखलं होतं. 'रेडिओ' हे नावही त्यांनीच ठेवलेलं. लोखंडाची पूड साच्यात दाबायची, भट्टीत भाजायची आणि दातेरी चाकं करायची, अशा कारखान्यात तो धातुतज्ज्ञ होता. गप्पा कशाच्याही असोत, घटकाभरात गाडी भट्टीवर यायचीच.

सध्या मात्र त्याच्या तोंडाला कुलूप होतं. साच्यातून निघताना चाकांच्या दातांना बारीक चिरा पडायच्या. पुडीत मेण एकदम न घालता अर्धं आधी आणि अर्धं अगदी दाबण्याच्या तोंडावर मिसळलं, तर चिरा पडत नाहीत, हे त्यानं शोधून काढलं होतं. कंपनी पेटंटसाठी अर्ज करणार होती आणि शोधक म्हणून त्याचं नाव लागणार होतं. आजवर त्यानं कंपनीच्या भिंतीवर चौकटीत लावलेल्या पेटंटांवर दुसऱ्यांचीच नावं वाचली होती. फार वाईट वाटायचं त्याला. पेटंटचं काम पाहणाऱ्या बाईंनी त्याला समोर बसवून बजावलं, "अर्ज जाईपर्यंत बाहेर चकार शब्द नाही. दुसऱ्या कुणी आधी अर्ज टाकला, तर बसा हात चोळत."

आणि नेमकं सुटीच्या दिवशी साडूकडे जेवण ठरलं. साडू नदीपलीकडच्या कारखान्यात. तिथंही तीच पूड, तीच चाकं, त्याच चिरा. बढाया मारण्यात दोघेही एकमेकांना पुरून उरणारे. ते एकत्र बसले की बायकांना मीठ मागायलाही फट मिळत नसे.

पानं वाढली. रेडिओ खाली मान घालून जेवू लागला.

"हवा बरी आहे," साडू म्हणाला.

"बरी आहे."

मग नुसता भांड्यांचा आवाज. मेहुणीनं काळजीनं विचारलं, "भाऊजी, भाजी बिघडलीय का?"

"छान झालीय."

"अहो, तुम्ही दोघं भांडलात की काय?" बायकोनं विचारलं. दोघांनी एकदमच माना हलवल्या.

रेडिओनं हळूच खडा टाकून पाहिला. "कारखाना काय म्हणतो?"

"चाललंय," साडू म्हणाला आणि पाणी प्यायला.

रेडिओनं चमकून वर पाहिलं. भट्टीचा पंखा बदलला, तर त्यावर अख्खी दुपार खाणारा हा माणूस, आणि नुसतं 'चाललंय'? म्हणजे यालाही कुणीतरी समोर बसवून बजावलं होतं.

हात धुण्याचं निमित्त करून तो न्हाणीघरात शिरला. कडी लावून त्यानं बाईंना फोन लावला.

"बाई, अर्ज आत्ताच टाका. साडूच्या कारखान्यातही हेच शिजतंय."

"ते काही बोलले का?"

"एक अक्षर नाही. तेच तर सांगतोय."

"बरं, कॉम्प्युटर सुरू करते. थांबा जरा."

तो थांबला. न्हाणीघराची खिडकी मागच्या गॅलरीकडे उघडत होती. तिथून दबका आवाज आला. साडूचाच.

"साहेब, अर्ज आत्ताच टाका. नाही, रेडिओ काहीच बोलला नाही. अहो, म्हणूनच म्हणतोय."

रेडिओला हसू आवरेना. इतक्या वर्षांत प्रथमच त्याला साडूबद्दल माया वाटली. वाटलं, जावं आणि कडकडून मिठी मारावी. मग त्यानं आवाज न करता खिडकी लावून घेतली.

"बाई," तो कुजबुजला, "झाला का हो सुरू?"