अठरा जणांची मेजवानी

अठरा माणसं आली बघा, भल्या सकाळी, आणि सगळी गेदीचीच! काका, चुलतभाऊ, आजोबांच्या भावांची नातवंडं. सलाम केला, त्याच्या घराच्या काटेरी कुंपणाच्या आत आली, बाभळीखाली चटया अंथरल्या आणि बसली. दिरिये काका सगळ्यांत मोठे. त्यांनी विचारलं, "गेदी, मान्य?"

"नाही."

काकांनी नुसती मान हलवली. लगेच दोघं उठले, गेदीच्याच कळपातला सगळ्यांत जाडा मेंढा ओढून आणला, बिस्मिल्ला म्हटलं आणि कापला.

झालं होतं असं, की गेदीचा धाकटा भाऊ हिरसी विहिरीवरच्या भांडणात मेला. सुगुल्लेच्या वंशातल्या एकानं गोळी घातली. हिरसी तर भांडतही नव्हता, उंटांना पाणी पाजत होता! मग दोन्हीकडचे जाणते अकरा दिवस झाडाखाली बसले आणि ठरलं, सुगुल्लेच्या सगळ्या घरांनी मिळून शंभर उंट द्यायचे, आणि त्यावर वैर संपलं. सगळे हो म्हणाले. एकटा गेदी भर बैठकीतून उठला. "भावाच्या जागी उंट बांधू? मी त्यांचा एक पाडणार!"

आता देशातलं सरकार कोसळून तिसरं वर्ष, नवं आलंच नव्हतं. पोलीस ठाण्यात लोक शेळ्या बांधायचे. मग ठरलेलं न मानणाऱ्याला वठणीवर कोण आणणार? त्याचेच लोक. त्याच्याच कळपावर जेवून, तो हो म्हणेपर्यंत.

"ये की, बस जेवायला," चुलतभाऊ बिलेनं हाक मारली. "मेंढा जरा चिवट निघाला. मालकावर गेलाय."

दोघं-तिघं हसले. गेदी झोपडीच्या दाराशी बंदूक मांडीवर घेऊन बसला होता. तो कसला हसतोय!

दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. दोन बोकड गेले. तिसऱ्या दिवशी तीन. आणि कुणी चवीनं खात होतं असं नाही हं! दिरिये काकांच्या तोंडात दात चार, तेही चघळत होते, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. कापलं की खायचंच, टाकायचं नाही. आणि शिजवत कोण होतं? गेदीची आई, अंबारो.

चौथ्या दिवशी गेदी तिच्यावरच उखडला. "यांना शिजवून घालतेस? माझाच कळप? लाज नाही वाटत?"

"मीठ संपलंय," आई म्हणाली. "शेजारून आण जा."

"आई!"

"ओरडू नकोस. दोन मुलगे होते मला. कळप जाऊ दे सगळा. तू राहा."

"मला कोण मारतंय?"

हे दिरिये काकांनी ऐकलं. हातातली सुरी त्यांनी चटईवर ठेवली.

"बरोबर बोलला पोरगा," ते म्हणाले. "याला नाहीच मारणार कुणी. गेदी, तू त्यांचा एक पाडशील. मग ते आपला एक पाडतील, जो आधी दिसेल तो. मग आता तूच सांग ना, कोण? अठरा बसलोत आम्ही. बोट दाखव. बाकीचे घरी जातो, तुझ्या मेंढ्याही सुटल्या."

चावायचे आवाजसुद्धा थांबले. गेदी एकेकाकडे बघत गेला. म्हातारे काका. त्यांचे दोन मुलगे. मग बिले. हिरसीची कबर गेदी आणि बिलेनं मिळून खणली होती, दगडी जमीन, बिलेचे हात सोलून निघाले होते. ते अजून भरले नव्हते.

"मला दाखव हवं तर," बिले हळूच म्हणाला. "माझं लग्न व्हायचंय अजून. मागे रडायला कमी माणसं."

गेदीनं बंदूक मांडीवरून खाली ठेवली.

"मान्य," तो म्हणाला.

"झाडाखाली म्हणशील? त्यांच्यासमोर?" काकांनी विचारलं.

"म्हणेन."

"मोठ्यानं?"

"म्हणेन म्हटलं ना काका!"

तेवढ्यात चुलीकडून आवाज आला आणि सगळ्यांनी वळून पाहिलं. अंबारो रडत होती. हिरसीला पुरल्यापासून ती एकदाही रडली नव्हती. आईला रडताना बघून मुलगा बंदूक उचलतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आता पातेलं खाली उतरवून ती हिरसीचं नाव घेऊन मोठमोठ्यानं रडत होती, आणि ती अठरा माणसं माना खाली घालून बसली होती. गेदी उठून तिच्याजवळ गेला. तिला गप्प मात्र कुणीच केलं नाही.