सतरंजीच्या कडेला

चपला बाहेर काढा आणि ऐसपैस बसा. मी सतरंजी आहे, निळ्या-तांबड्या पट्ट्यांची. एका कोपऱ्याला विडीनं पडलेलं भोक आहे. त्यात बोट घालू नका, मोठं होतं ते.

माझा जन्म तुरुंगातल्या मागावरचा. मला विणणारा माणूस फार कमी बोलायचा. मागावरून उतरवताना त्यानं माझ्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "तू तरी फिर बाई." त्याचा शब्द मी पाळला. भोरच्या एका छोट्या संस्थेनं मला विकत घेतलं आणि तेव्हापासून संस्थेच्या कार्यकर्त्या सुलक्षणाताईंच्या स्कूटीला मागं बांधलेली मी गावोगाव हिंडले. भोंगवलीत माझ्यावर बचतगट बसला, आंबवड्यात बियाणं निवडलं गेलं.

माणसं मला खालून दिसतात, त्यामुळे जरा जास्तच दिसतात. पुढारी बरोबर मधोमध बसतो आणि मांडी पसरतो. कंटाळलेला माणूस माझा दोरा ओढत राहतो. चहा सांडला की सगळे दुसरीकडे बघतात.

सुलक्षणाताईंना सभेत खुर्च्या चालत नसत. "खुर्ची आली की कोण वर, कोण खाली हे ठरून जातं," त्या म्हणायच्या. "सतरंजीवर सगळे सारखे." हे ऐकलं की माझा ऊर भरून यायचा.

मग विंझरच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीवर आम्ही गेलो. शेळ्या-मेंढ्या पाळणारी घरं, काही खाली देवळाजवळ, काही वर चढावर गोठ्यांपाशी. झऱ्याचं पाणी पाइपानं आणून एक टाकी बांधायची होती. एकच. ती खाली देवळाजवळ बांधायची की वर, हे वाडीनं ठरवायचं होतं.

पुरुष माझ्यावर बसले. बायका माझ्या कडेला, सारवलेल्या जमिनीवर. त्यांच्यात दिपाली होती, रखमाजी आबांची सून, दिवस गेलेली. बायका हळू आवाजात बोलत होत्या, म्हणून मला कळलं. गेल्या साली वर आपल्या घराकडे पाणी नेताना याच चढावर ती भरल्या हंड्यासकट घसरली होती आणि पोटातलं लेकरू गेलं होतं. टाकी खाली झाली, तर तीच चढण तिला पुन्हा चढायची होती.

बोलायला लाजतात त्यांच्यासाठी ताईंची एक युक्ती होती. माझ्या मधोमध त्यांनी दोन चित्रं ठेवली, एक देवळाच्या कळसाचं, एक गोठ्याचं. प्रत्येकाच्या हातात ओढ्यातला एकेक खडा दिला. बोलू नका, जिथं टाकी हवी तिथं खडा ठेवा. पुरुषांनी बसल्या जागेवरून हात लांबवले. कळसावर ढीग झाला. "मग देवळापाशी ठरलं," असं म्हणून ताईंनी खडे गोळा केले आणि पुरुष चहाला उठले.

बायका माझी घडी घालायला आल्या. दिपालीनं मूठ उघडून खडा ताईंच्या हातात दिला. पाठोपाठ बाकीच्यांनीही दिले.

"अगं, तुम्ही ठेवलेच नाहीत?" ताई म्हणाल्या.

दिपाली खाली बघत होती. "सतरंजीवं आबा बसल्यालं. त्येंच्या बैठकीवं पाय कसा ठिवू?"

"मग मला सांगायचं ना."

"तुमी इचारलंच न्हाई, ताई."

सुलक्षणाताई मला अर्धवट घडी घातलेली मांडीवर घेऊन तिथंच जमिनीवर बसल्या. इतकी गावं आम्ही दोघी हिंडलो होतो आणि दोघींनाही हे कधी दिसलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. मी सगळ्यांना जवळ घेते असं समजत होते, आणि निम्मी वाडी माझ्यामुळंच बाहेर बसली होती.

मग त्या उठल्या आणि चहा पिणाऱ्या पुरुषांकडे गेल्या. "आबा, माझं चुकलंय. खडे पुन्हा टाकू या. आणि सतरंजी नको."

"झालं की आता. च्या घ्या तुमी," कुणीतरी म्हणालं.

रखमाजी आबांनी ताईंच्या ओंजळीतले खडे बघितले. मग सुनेकडे बघितलं. आपला खडा तेवढा मागून घेतला आणि कप ठेवून उठले. "चालू द्या तुमचं. म्या शेरडं बगून येतो," म्हणाले, आणि जाताना बाकीच्या पुरुषांनाही उठवून घेऊन गेले.

मला गुंडाळून भिंतीला टेकवलं होतं. तिथून मी बघत होते. चित्रं उघड्या जमिनीवर होती. दिपालीनं पोटावर एक हात धरून वाकून पहिला खडा ठेवला, गोठ्याच्या चित्रावर. मग एकेक बाई आली. खालच्या घरांतल्यासुद्धा.

आबा परत आले ते चित्रांपाशी थांबले. मग गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि आपला खडा सुनेच्या खड्याशेजारी ठेवला.

"आन देवाचं कसं?" मागून कुणीतरी विचारलं.

"देवाला तांब्याभर लागतं," आबा म्हणाले. "त्यो म्या नेऊन घालीन."

टाकी वर झाली. आबा रोज सकाळी तांब्या घेऊन खाली उतरतात.

संस्थेत पुढं हलकी प्लॅस्टिकची चटई आली आणि मी जुन्या फलकांबरोबर माळ्यावर गेले. उंदरांची संगत काही वाईट नव्हती, पण माणसांची सवय सुटत नाही. दिपालीच्या मुलीच्या बारशाला ताईंनी मला खाली काढलं, धुतलं आणि वाडीवर नेऊन दिलं. ती पोर माझ्यावरच पालथी पडायला शिकली. तिनं मला किती वेळा ओलं केलं, ते विचारू नका.

दिपाली मात्र आबा असले की अजूनही जमिनीवरच बसायची. परवा आबा माझ्यावर बसून नातीला खेळवत होते. पोर रांगत कडेपर्यंत गेली, आईचा पदर धरला आणि सोडेचना. आबांनी बघितलं आणि सरकून जागा केली.

तुम्हीही सभा भरवत असाल, चांगल्या कामासाठी भरवत असाल. मला जरूर अंथरा. फक्त बोलायला लागण्याआधी एकदा माझ्या कडेला बघा, जमिनीवर कोण बसलंय ते. आणि गरज पडली तर मला गुंडाळून ठेवा, मला राग येणार नाही.

दिपाली परवा बसली. अर्धी माझ्यावर, अर्धी जमिनीवर. एवढ्या माणसांचं वजन मी पेललं, पण ते अर्धं वजन मला अजून जाणवतंय.