लाल ठिपक्याच्या पुढे

श्रीनिवास खांबेट्यांना ‘नाही’ म्हणण्याचा उभ्या हयातीचा सराव होता. शनिवार पेठेतल्या त्यांच्या स्टिरिओच्या दुकानात गिऱ्हाईक आलं, की ते आधी त्याला काय मिळणार नाही ते सांगायचे आणि तो टिकलाच, तर काय मिळेल ते. विकलेल्या प्रत्येक यंत्रावर, आवाजाच्या बटणापाशी, ते नेलपेंटचा एक लाल ठिपका लावून द्यायचे. “बटण ठिपक्याच्या पुढे नेऊ नये. पुढे आवाज वाढत नाही, फाटतो. मग माझ्याकडे येऊ नये.” लोक निमूट ऐकून घ्यायचे, कारण खांबेट्यांनी जोडून दिलेलं यंत्र बिघडत नसे.

अशा माणसाला जयसिंगरावांनी गळाला लावलं, आणि तेही गोड बोलून. जयसिंगराव खडकवासल्याच्या अलीकडच्या एका गावचे. गाव शहरात आलं, शेताचे प्लॉट पडले, आणि मार्केट यार्डातल्या कांद्याच्या जोडीला बांधकामाचा धंदा सुरू झाला. खांबेट्यांचं दुकान ज्या इमारतीत होतं ती त्यांनी नुकतीच विकत घेतली होती. पाडून नवी बांधायची होती. नव्या इमारतीत रस्त्याकडचा गाळा कोणाला आणि मागच्या बोळातला कोणाला, हे सगळं त्यांच्या मर्जीवर होतं.

“पुढचा गाळा तुमचाच, काका,” ते म्हणाले. “फक्त एक काम करा. धरणाच्या पाण्यावर बोट घेतलीय. तिच्यावर गाणं पायजे. असं, की ह्या काठाला वाजलं का त्या काठाला ऐकू गेलं पायजे.”

त्या काठावरच्यांनी काय घोडं मारलंय, हे खांबेट्यांच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण मागच्या बोळातला अंधार डोळ्यांपुढे आला आणि ते “बघू” म्हणाले. पेठेत ‘बघू’ म्हणजे नाही. खांबेट्यांच्या तोंडून ते पहिल्यांदाच ‘हो’ म्हणून बाहेर पडलं.

काम एकदा हातात घेतल्यावर मात्र त्यांनी हयगय केली नाही. जयसिंगरावांना निळे दिवे लुकलुकणारे, कमरेएवढे उंच स्पीकर हवे होते. खांबेट्यांनी खास बोटीसाठी बनवलेले लहान पांढरे स्पीकर निवडले. “कागदी पडद्याचा स्पीकर पाण्यावर पापडासारखा सादळतो,” त्यांनी सुनावलं. “हे प्लास्टिकच्या पडद्याचे आहेत. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, वायर कथिल चढवलेली. आणि गाण्याची बॅटरी वेगळी ठेवायची, नाहीतर तुमची गाणी ऐकून झाली, की घरी यायला वल्ही मारावी लागतील.” ॲम्प्लिफायर त्यांनी बाकाखाली, तळापासून चांगला वर, रबरी कड लावलेल्या स्टीलच्या पेटीत बसवला. आवाजाचं बटणही तिच्यातच ठेवलं. पेटीत ओल शोषणाऱ्या पुड्या टाकल्या आणि हवा खेळावी म्हणून खाली तोंड केलेली भोकं पाडली. उन्हापासून बचाव म्हणून स्पीकरना छत्रीच्या काळ्या कापडाच्या टोप्या केल्या. त्या मंदाकिनीबाईंनी, त्यांच्या पत्नीने, शिवून दिल्या.

मंदाकिनीबाईंचे कान जात चालले होते. नसाच सुकत आल्यात, डॉक्टर म्हणाले. यंत्र लावून बोलणं थोडंफार कळेल, गाणं नाही. जे ऐकायचं असेल ते आत्ताच ऐकून घ्या. रविवारी जेवणं उरकली, की दोघांनी मिळून भीमपलासची एक जुनी तबकडी ऐकायची, ही त्यांच्या घरातली लग्नापासूनची रीत होती. त्या तबकडीवर गाणाऱ्या बाईंकडे मंदाकिनीबाई लहानपणी शिकायला जात. खांबेट्यांना आता एवढंच हवं होतं, की जितके रविवार शिल्लक आहेत तितके दोघांना मिळावेत. उरलंसुरलं ऐकणं जपायचं म्हणून ते घरच्या यंत्राचं बटण ठिपक्याच्या बरंच अलीकडे ठेवत. मंदाकिनीबाई डोळे मिटून बसत आणि शेवटी “छान” म्हणत.

बोट पाण्यात उतरली त्याच दिवशी पाहुण्यांनी पेटी उघडून बटण पिळलं आणि चांगले स्पीकर कुत्र्यासारखे भुंकू लागले. खांबेट्यांनी तिथल्या तिथे पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली जानव्याला बांधली. “मी असल्याशिवाय ही उघडणार नाही,” ते कडाडले.

“मग तुमी असाच की, काका,” जयसिंगराव अगदी मायेने म्हणाले. “दर रविवारी गाडी पाठवतो.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. किल्ली द्यावी तर यंत्राची माती, न द्यावी तर रविवार गेला. आणि सरळ येत नाही म्हणावं, तर गाळा बोळात. खांबेटे दर रविवारी गाडीत बसू लागले.

बोटीवर चढलं, की सुटका नव्हती. चारी बाजूंनी पाणी. पाहुणे नाचायचे, मटणाचे डबे उघडायचे, आणि खांबेटे पेटीवर बूड टेकून, गुडघे जुळवून, घरून आणलेले पोहे खात बसायचे. रविवारमागून रविवार त्यांचा जीव गुदमरायचा. घरी तबकडी तशीच पडली असेल, मंदा वाट बघून आडवी झाली असेल, हेच मनात. सुकाणूवर जयसिंगरावांचे चुलते गेनबा असायचे. ते एकदा म्हणाले, “दादा, तुमी तर पेटीपक्षा जास्त कुलपात दिसताय.” खांबेट्यांनी सदऱ्यावरून जानव्याची किल्ली चाचपली.

“गाळ्याच्या कागदांचं काय?” ते जयसिंगरावांना विचारायचे.

“होतंय की. गाळा कुटं पळून चाललाय?”

गाळा पळत नव्हता. रविवार पळत होते.

त्या रविवारी बोट पाण्याच्या मधोमध होती आणि उन्हं कलायला लागली होती. उशीर होईल, हे सांगायला खांबेट्यांनी घरी फोन लावला. घंटेबरोबर लुकलुकणारा दिवा बघून मंदाकिनीबाईंनी तो उचलला.

“हॅलो?”

“मी बोलतोय. ऐक, मला जरा...”

“हॅलो? कोण आहे?”

“अगं मी! मंदा!” खांबेटे ओरडले. नाचणारे थबकून बघू लागले.

“कोणी बोलतच नाही,” त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि फोन ठेवला.

खांबेटे फोनकडे बघत बसले. मग ते उठले. “जयसिंगराव, बोट काठाला घ्या.”

“काका, पावणे आत्ता कुटं रंगात आलेत. तुमी गेल्यावर गाणं?”

खांबेट्यांनी सदऱ्यात हात घातला आणि जानव्याची गाठ सोडायला घेतली. पाणी लागून ती घट्ट झाली होती, तरी त्यांनी ती सोडली. किल्ली जयसिंगरावांच्या तळहातावर ठेवली.

“आसं हाय तर मग...” जयसिंगराव किल्ली वर-खाली करत म्हणाले, “गाळ्याचं मागनं बघू.”

“बघा,” खांबेटे म्हणाले. बघू म्हणजे काय, हे पेठेतल्या माणसाला शिकवावं लागत नाही.

गेनबांनी बोट वळवली. खांबेटे काठावरच्या चिखलात उतरले आणि रस्त्याला लागले, तोवर मागून स्पीकर फाटल्याचा आवाज येऊ लागला. त्या काठालाही आता नक्की ऐकू जात असणार. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

घराचं दार त्यांनी आपल्याजवळच्या किल्लीने उघडलं. तबकडी फिरत होती. मंदाकिनीबाई जमिनीवर बसून स्पीकरच्या लाकडाला गाल टेकून होत्या. बटण बरोबर लाल ठिपक्यावर होतं. तसूभरही पुढे नाही.

सावली पडली तशा त्या दचकल्या. “लवकर आलात? लाकूड थरथरतं ना, त्यावरून कळतं मला, आता समेवर आल्या असतील.”

खांबेटे त्यांच्यासमोर बसले आणि ओठ दिसतील असे बोलले. “कधीपासून ऐकू येत नाही?”

“झाले की बरेच महिने. तुम्ही बोटीवर जायच्याही आधीपासून.”

“मग बटण पुढे का नाही नेलंस?”

“तुम्हीच लावलाय ना ठिपका,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला फाटका आवाज सोसत नाही.”

म्हणजे तो प्रत्येक ‘छान’ खांबेट्यांचं मन राखायला होता. बोटीवर ते नुसते रविवार मोजत कुढत बसले होते, आणि रविवार या खोलीत, त्यांच्या डोळ्यांदेखत, केव्हाच संपत आले होते. खांबेट्यांना रडू आलं. ते त्यांनी पुसलंही नाही.

त्यांनी बटण धरलं आणि ठिपक्याच्या पुढे नेलं. आणखी पुढे. पडदा खरखरला, तंबोऱ्याची पत्र्याच्या डब्यासारखी खडखड झाली, तबकडीवरच्या बाईंचा आवाज चिरफळून खोलीभर आदळू लागला. शेजारच्यांनी खिडकी आपटून लावली. खांबेट्यांनी बटण शेवटपर्यंत पिळलं.

मंदाकिनीबाईंनी गाल लाकडापासून हळूच उचलला.

“अहो,” त्या म्हणाल्या, “गातायत त्या.”