पाच फुटांचा पलंग

मित्रांनो, मी एक जुना पलंग आहे. जुना म्हटलं की तुम्हाला लोळून लोळून झिजलेला, कूस बदलली की कुरकुरणारा पलंग वाटेल. पण माझ्या आयुष्याची पहिली तीन वर्षं माझ्यावर कुणी पाठसुद्धा टेकली नाही. मला केलं होतं ते नुसतं बघण्यासाठी.

एका सुताराने मला घडवलं. लाकूड चांगलं होतं, हात त्याहून चांगला. बिल्डरच्या माणसाने मापाचा कागद दिला, तेव्हा सुताराने तो दोनदा वाचला.

"साहेब, लांबी पाच फूट लिहिलीय. पोरांचा पलंग आहे का?"

"मोठ्यांचाच आहे. नमुन्याच्या घरात ठेवायचाय. पलंग छोटा असला की खोली मोठी दिसते."

"मग झोपणार कोण?"

"झोपायचं नाहीच कुणी."

सुताराने कागद खिशात घातला. त्यालाही घर चालवायचं होतं. पण एरवी काम करताना गुणगुणणारा तो माणूस मला रंधा मारताना गप्प होता.

मला नेलं ती जागा म्हणजे नुसता खड्डा होता. इमारत तिथे पुढे उभी राहायची होती. शेजारच्या शेडमध्ये नमुन्याचं घर थाटलं होतं. शहरात घर घ्यायला निघालेली माणसं तिथे येत, फिरून बघत आणि डोळ्यांत स्वप्नं घेऊन परत जात. त्या घरात आम्ही सगळेच एका माळेचे मणी होतो. कपाट इतकं उथळ की त्यात सदरा सरळ टांगता येऊ नये. खोल्यांना दारं नव्हतीच, नुसत्या चौकटी होत्या, कारण दार उघडायला जागा लागते. माझ्यावर फुगीर उशा रचल्या होत्या, म्हणजे बघणाऱ्याची नजर पायथ्याकडे जाऊ नये. लोक म्हणत, "किती ऐसपैस खोली आहे!" आणि खरं सांगतो, मी हुरळून जायचो. तेव्हा मला लाज वाटली नाही. आता वाटते.

एका सकाळी एक मुलगी तिच्या वडिलांना घेऊन आली. ती पडदे शिवणारी होती. वडील वायरमन होते, विजेच्या खांबांवर चढण्यात उभं आयुष्य गेलेले. माणूस ताडमाड उंच. पण अर्धांगवायूच्या झटक्याने डावा पाय लुळा पडला होता आणि हातात वॉकर आला होता. भाड्याच्या खोलीत बाथरूम लांब, वाट अरुंद. दर वेळी जावयाला हाक मारावी लागे. जावई भला होता, कधी कुरकुरला नाही. पण हाक मारताना म्हाताऱ्याचा जीव अर्धा होई. बाबांना कुणाला न बोलावता स्वतः बाथरूमला जाता यावं, एवढ्याच एका गोष्टीसाठी ती मुलगी घर शोधायला निघाली होती. वहीत सात पत्ते लिहिले होते. आमचा पहिला.

मुलगी हुशार होती. पर्समधून टेप काढून तिने सवयीने आधी खिडकी मोजली. मग माझ्या पायथ्यापासून समोरच्या भिंतीपर्यंतची वाट मोजली, कारण बाथरूमला जायची वाट तीच होती. "तीन फूट, बाबा. तुमचा वॉकर दोन फुटांचा. आरामात जाल तुम्ही." मला मात्र तिने मोजलं नाही. पलंग कोण मोजतं?

वडील उभं राहून दमले होते. त्यांनी घर दाखवणाऱ्या बाईला विचारलं, "जरा आडवा होऊ का?"

"तेवढं नका हं, आजोबा. चादर विस्कटते. मी खुर्ची आणते ना."

"राहू दे, राहू दे. दुसऱ्याचं अंथरूण आहे," असं म्हणून ते माझ्या कडेवर हात टेकून उभेच राहिले.

मित्रांनो, ते आडवे झाले असते तर त्यांच्या पोटऱ्या हवेत लोंबकळल्या असत्या आणि त्या मुलीला एका नजरेत सगळं कळलं असतं. मी मनातल्या मनात म्हणत होतो, झोपा हो आजोबा, चादरीचं काय घेऊन बसलात. पण ते सभ्य माणूस होते. बाई खुर्ची घेऊन आली तोवर मुलीने वहीतले उरलेले सहा पत्ते खोडले होते. दमलेल्या बापाला आणखी किती जिने चढायला लावायचे, असं तिला वाटलं असेल.

इमारत उभी राहिली. नमुन्याचं घर मोडलं आणि मला जिन्याखाली टाकून दिलं. वर्षभर माझ्यावर रंगाचे डबे आणि धूळ.

नव्या घरात राहायला आल्यावर एके दिवशी ती मुलगी बिल्डरच्या ऑफिसात आली. जिन्याखाली मला सगळं ऐकू येत होतं. वडिलांचा पलंग सव्वासहा फुटांचा. तो लावल्यावर वाट उरली पावणेदोन फूट. वॉकर अडकत होता. पलंग आडवा लावला तर खोलीचं दार उघडेना.

मॅनेजर शांतपणे म्हणाला, "ताई, कागदावर खोलीचं माप बरोबरच आहे. पलंग तुम्ही मोठा आणलात. नमुन्याचा पडलाय खाली, हवा तर घेऊन जा."

ती भांडली नाही. रडलीही नाही. जावयाने मला पुसून वर नेलं.

आजोबांनी मला बघितलं, वॉकर घेऊन माझ्या पायथ्याकडून बाथरूमपर्यंत गेले आणि परत आले. मग म्हणाले, "हाच राहू दे. मला चालायला जागा पाहिजे. झोपायला काय, पाय मुडपले की झालं. खांबावर तासन्‌तास तसाच बसायचो मी."

मुलगी खिडकीकडे वळली आणि सरळ असलेला पडदा पुन्हा सरळ करू लागली. त्या दिवसापासून ती स्वतःलाच दोष देते. चूक तिची नव्हती, आमची होती. पण हे तिला सांगणार कोण?

मित्रांनो, मोठे झालात की तुम्हीही घर शोधायला निघाल. टेप न्या, आणि भिंतींबरोबर आतल्या सामानालाही लावा. बरोबर कुणी म्हातारं, दमलेलं माणूस असेल तर त्याला तिथल्या पलंगावर खुशाल आडवं होऊ द्या. चादर विस्कटली तर विस्कटू द्या. कुणी हरकत घेतली तर त्या घरातून बाहेर पडा.

आत्ता दुपार आहे. आजोबा कुणाला हाक न मारता बाथरूमला जाऊन आलेत आणि माझ्या कडेवर बसलेत. त्यांना झोप आली आहे. पण लुळा डावा पाय त्यांना ओढून सरळ टाकता येतो, मुडपायला मात्र दुसऱ्याचा हात लागतो. मुलगी कामावरून येईपर्यंत ते असेच बसून राहतील.