चौकशी खोलीतला इंग्रजी आवाज

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे. आवाज माझा स्वतःचा कधीच नव्हता. दुसऱ्याचा श्वास झेलायचा आणि तो दूरवर पोचवायचा, एवढेच माझे जगणे. एका कारखान्यात माझ्या पोटात तांब्याची बारीक तार गुंडाळली गेली, तोंडावर जाळी बसली आणि मी या बसस्थानकाच्या चौकशी खोलीत आलो.

कितीतरी गळे माझ्यासमोर थकले. सुटणाऱ्या बसगाड्या, बदललेले फलाट, विसरलेल्या छत्र्या, साऱ्यांची वार्ता मी वाहिली. "काय खणखणीत आवाज आहे!" असे प्रवासी म्हणत, तेव्हा कौतुक बोलणाऱ्याचे असे, जाळीवर साचणारी धूळ तेवढी माझी.

मग खुर्चीवर आली ती, जिला सारे स्थानक वहिनी म्हणे. तिचे मराठी झुळझुळते होते. पण परभाषिक प्रवासी वाढले आणि कार्यालयाने एक बोलके यंत्र आणले. साहेबांनी आडपडदा ठेवला नाही. "वहिनी, इंग्रजी घोषणा जमली तर खुर्ची तुमची, नाहीतर यंत्राची. महिनाअखेरीस मी स्वतः ऐकायला येतो."

वहिनीची सासू निवृत्त इंग्रजी शिक्षिका. दुपारी ती डबा घेऊन येई आणि माझी कळ बंद ठेवून शिकवणी सुरू होई.

"बस सुटली हे कुणीही सांगेल," सासूबाई म्हणत. "कुठली बाई, कुठली पिशवी, हे हजारांत ओळखू आलं पाहिजे. माणसाला 'हू', वस्तूला 'विच', जागेला 'व्हेअर'. कुणाचं काही सांगायचं असेल तर 'हूज'."

"आणि 'दॅट', आई?"

"तो माणसालाही चालतो, वस्तूलाही. पण अडलं की त्याच्या आडोशाला लपायचं नाही!"

वहिनीची अडचण जिभेच्या मुळाशी होती. 'जी बाई आली ती' असे म्हणण्याची जन्माची सवय. 'जी' आली की मागून 'ती' यायचीच. म्हणून इंग्रजीतही 'हू'च्या मागे 'शी' हजर.

"अगं, 'हू' एकटा पुरतो. त्याला पाठराखीण कशाला?"

"माझ्या तोंडात त्याला एकट्याला करमत नाही हो!"

"मग करमायला शिकव. पुन्हा म्हण."

ती पुन्हा म्हणे. बंद कळीमागे, अंधारलेल्या तारेत, मी ती वाक्ये एकटाच ऐकत असे. तिचा श्वास जाळीवर दवासारखा जमे. ती तो पुसे आणि आणखी एकदा म्हणे.

परीक्षेच्या दिवशी साहेब खुर्ची ओढून बसले. तेवढ्यात पहारेकरी एका वृद्ध परदेशी गृहस्थांना हाताला धरून घेऊन आला. गळ्यात हिरवा मफलर, डोळ्यांत भांबावलेपण. मुलीची गर्दीत चुकामूक झालेली आणि बस सुटण्याच्या बेतात.

वहिनीने कळ दाबली. "द लेडी हू हर फादर..."

चूक माझ्यातून निघाली आणि प्रत्येक कर्ण्यातून साऱ्या स्थानकावर पसरली. 'हूज'च्या जागी 'हू हर' आले होते. बाहेर कुणीतरी फिदीफिदी हसले.

"राहू द्या," साहेब म्हणाले. "यंत्र लावतो."

"थांबा, साहेब. यंत्राला हे आजोबा दिसत नाहीत. बोलले मी, निस्तरणारही मीच."

तिने मला घट्ट धरले. या वेळी आवाज स्पष्ट होता. "सॉरी. द लेडी हूज फादर इज वेअरिंग अ ग्रीन मफलर, प्लीज कम टु द रूम विच इज नेक्स्ट टु द मेन गेट."

मुलगी धावत आली. ती पहिल्या घोषणेने निघाली होती की दुसरीने, मला ठाऊक नाही.

साहेब खुर्चीवरून उठले. मग म्हणाले, "चुकलं की लोक आधी कळ बंद करतात. तुम्ही नाही केलीत. बसा, खुर्ची तुमचीच."

दारात सासूबाई उभ्या होत्या. "सूनबाई, माझ्या शिकवणीचे धिंडवडे अख्ख्या स्थानकानं ऐकले हो!" असे म्हणून त्यांनी डबा उघडला आणि पहिला घास तिच्यापुढे धरला.

पुढे नवा, सडपातळ माइक आला. वहिनी आजही दोन्ही भाषांत बोलते. मी कपाटाच्या वरच्या फळीवर, माझीच तार गळ्याभोवती गुंडाळून पडलो आहे. मित्रांनो, माझ्यासारख्यांना तारेला धरून ओढू नका, कधीतरी कोरड्या फडक्याने पुसा. आणि बोलताना चुकलात, तर कळ बंद करू नका. चूक जेवढ्या मोठ्याने झाली, तेवढ्याच मोठ्याने ती सुधारा.