मयताचं भांडं

मित्रांनो, मी एक जुनं, जाड काचेचं भांडं आहे, आणि मला दारात पाहिलं की भल्याभल्यांच्या पोटात गोळा येतो. यात माझा काडीचाही दोष नाही. मी आपलं ओव्हनमध्ये ठेवायचं, लांबट, दोन कानांचं साधं भांडं. पण आमच्या गावाची रीतच तशी पडली, तिला मी काय करणार?

माझा जन्म भट्टीतला. वितळलेली काच साच्यात दाबून मला घडवलं आणि मग अगदी सावकाश थंड केलं. घाई केली असती तर मी तिथेच तडकलो असतो. पुढे मिनेसोटाच्या उत्तर टोकाला, एका भल्यामोठ्या सरोवराच्या काठी वसलेल्या गावात, व्हर्ना टोलेफसन नावाच्या नव्या नवरीला मी लग्नात भेट म्हणून मिळालो. तिने लगेच माझ्या बुडाला चिकटपट्टी लावून वर आपलं नाव लिहिलं. आमच्या लुथरन चर्चमधली भांडी फार फिरतात ना! कुणाला बाळ झालं, निघालं भांडं. कुणाचा पाय मोडला, निघालं भांडं. नाव नसलं की गेलं ते गेलंच.

पण मी पडलो सगळ्या भांड्यांत मोठा. बाळंतिणीच्या घरी एवढं कोण खाणार? कुणाच्या घरी मयत झालं, पाहुणे लोटले, की मग माझी आठवण. व्हर्ना बटाट्याच्या पातळ चकत्या करायची, मध्ये हॅमचे तुकडे पेरायची, वरून दूध-लोण्याचा दाट सॉस ओतायची आणि सगळ्यावर मक्याच्या पोह्यांचा कुरकुरीत चुरा. एकदा दफनानंतरच्या जेवणात कुणीतरी म्हणालं, "व्हर्ना, तुझे हे बटाटे हुंगून मेलेलाही उठून बसेल हो!" आणि विधवेसकट सगळे हसले. माझं कौतुक असं, नेहमी डोळे पुसता पुसता झालेलं. चमच्याने खरवडून खरवडून लोक मला रिकामं करायचे, पण मला हातात घेऊन रस्त्याने निघालेली व्हर्ना दिसली की खिडक्यांचे पडदे हलायचे. "अरे देवा, आता कोण?"

हळूहळू मला दुसरीकडे कुठे नेणंच बंद झालं. कुणाच्या वाढदिवसाला मी गेलो तर अपशकुनच की! मग मधले महिनेच्या महिने मी वरच्या फळीवर अंधारात पडून असायचो. तुम्हाला खरं सांगतो, कपाटाचं दार करकरलं की माझा जीव वरखाली व्हायचा. खालची लहान भांडी खुशाल आत-बाहेर करायची. मी मात्र मनात म्हणायचो, मला नको, आज मला काढू नका.

आणि मार्चमधल्या त्या शनिवारी मला काढलं.

मार्चमधलं बर्फ म्हणजे भरवशाच्या म्हशीला टोणगा. आदल्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, डेल हाउगेन आपली बर्फावरून धावणारी गाडी आणि छोटा तंबू घेऊन गोठलेल्या सरोवरावर मासे धरायला गेला. दुपारी दक्षिणेचा वारा सुटला आणि किनाऱ्यालगत बर्फाला लांबच लांब भेग गेली. जवळचे लोक कसेबसे परतले. डेल सगळ्यांत आत होता. तो ज्या बर्फावर बसला होता, तो अख्खा पत्रा किनारा सोडून पाण्यावर तरंगत निघून गेला. वरून हिमवादळ. विमान उडेना, नाव जाईना.

डेलची बायको जोलीन. तिची आई व्हर्नाची जिवाभावाची मैत्रीण, म्हणून ती व्हर्नाला मावशी म्हणायची. आई गेली तेव्हा मी तिच्या घरी गेलो होतो. मला तिने स्वतःच्या हाताने धुतलं होतं आणि आमच्याकडची रीत पाळून, रिकामं न देता, सफरचंदाच्या वड्या घालून परत केलं होतं.

शनिवारी सकाळपासून चर्चच्या तळघरातल्या किचनमध्ये बायका जमल्या होत्या. शोधायला निघालेल्यांसाठी सँडविच, कॉफी. मधेच कुणीतरी हात पुसून प्रार्थना सुरू करायची, बाकीच्या मान खाली घालायच्या, आमेन म्हणून पुन्हा पाव कापायला लागायच्या. व्हर्नाची प्रार्थना सगळ्यांत मोठ्याने. "प्रभू, पोराला सुखरूप आण. तुला अशक्य काय आहे?" आणि हे म्हणताना ती काय करत होती माहीत आहे? बटाटे सोलत होती. मला तिने घरून येतानाच पिशवीत घालून आणलं होतं.

मर्टल नावाची तिची मैत्रीण होती, तिने ते पाहिलं. "व्हर्ना, अगं हे भांडं कशाला?"

"शोधणाऱ्या माणसांना गरम नको का काहीतरी?" व्हर्ना म्हणाली. पण तिने मर्टलकडे पाहिलं नाही.

मी ओव्हनमध्ये गेलो. मित्रांनो, आत मला कधी भीती वाटत नाही, आगीतूनच आलो आहे मी. पण त्या दिवशी माझ्या अंगातला कण न् कण घाबरला होता. बाहेर देवाकडे डेलचा जीव मागत होते आणि आत माझ्यात त्याच्या मयताचं जेवण शिजत होतं.

दुपारी मर्टल छताजवळच्या, रस्त्याच्या पातळीवरच्या खिडकीशी गेली आणि तिथेच थिजली. "शेरीफची गाडी जोलीनच्या घराकडे वळली," ती म्हणाली.

किचनमध्ये सगळ्यांनी हातातला पाव खाली ठेवला. आमच्याकडे चांगली बातमी फोनवर येते आणि वाईट बातमी शेरीफच्या, म्हणजे पोलिसांच्या, गाडीतून येते. हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. व्हर्नाने डोळे मिटले, ओव्हन उघडला, मला बाहेर काढलं, टॉवेलमध्ये गुंडाळलं आणि कोट चढवून निघाली. कुणी तिला थांबवलं नाही.

जोलीनच्या अंगणात गाडी नव्हती, येऊन गेली होती. व्हर्नाने कोपराने दार वाजवलं. जोलीनने दार उघडलं. तिने व्हर्नाचं तोंड पाहिलं नाही, आधी मला पाहिलं.

तिचा चेहरा पांढराफटक पडताना मी पाहिला आहे. तसं पुन्हा कधी पाहायला मिळू नये.

"काय कळलं तुला?" ती म्हणाली. "मावशी, काय कळलं तुला? मला कुणी सांगितलं कसं नाही?"

"अगं पोरी, शेरीफचा माणूस..."

"लाईल? तो डेलच्या कोटाचा रंग विचारायला आला होता! वादळ निवळतंय, विमान उडणार आहे, वरून बघायला रंग पाहिजे म्हणून! तुला कुणी सांगितलं तो गेला?"

व्हर्नाने टॉवेल माझ्याभोवती घट्ट आवळला. "कुणी नाही," ती म्हणाली. "कुणीच नाही सांगितलं."

जोलीनने दाराची चौकट घट्ट धरली. मग ती अशी तडकली, की मला वाटलं आता मी व्हर्नाच्या हातातून सुटतो. "हे शिजायला किती वेळ लागतो मला माहीत आहे, मावशी! म्हणजे गाडी दिसायच्या आधीपासून तू हे करत होतीस. एका हाताने प्रार्थना आणि दुसऱ्या हाताने माझ्या नवऱ्याच्या मयताचे बटाटे! देवाला एक सांगायचं आणि ओव्हनला दुसरं? मी रात्रभर तुमच्या प्रार्थनांवर तग धरून आहे गं! तुम्हालाच खरं वाटत नसेल तर मी कुणाच्या तोंडाकडे बघायचं?"

व्हर्ना उंबऱ्याबाहेर उभी होती, नाकावर हिम पडत होतं, आणि ती रडत होती. "विश्वास होता गं," ती म्हणाली. "शपथेवर सांगते, होता. पण भीती पण होती. विश्वास ठेवला तरी हात रिकामेच राहतात, आणि हात रिकामे राहिले की मला भीती खायला उठते. मी चुकले. हे परत नेते मी."

"दार लावा आधी," आतून आवाज आला. "घर तापवायचा गॅस फुकट मिळतो का?"

तो ऑर्व्हिल, डेलचा बाप. ऐंशीच्या घरातला म्हातारा. सकाळपासून तो स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून होता आणि दिवसभरात एवढंच बोलला होता. आमच्याकडचे म्हातारे असेच, बोलायला पैसे पडतात.

"बाबा, हे मयताचं भांडं आहे," जोलीन म्हणाली.

"दिसतंय मला. आंधळा नाही झालो अजून." त्याने टेबलावरचा हात बाजूला घेतला. "ठेव इथे, व्हर्ना. मयताचं आहे ना? मग माझं समजा. माझं वय झालंच आहे. आगाऊ जेवून घेतो."

कुणाला हसावं की रडावं कळेना. जोलीन दोन्ही करू लागली आणि खुर्चीत बसली. व्हर्नाने मला टेबलाच्या मधोमध ठेवलं. माझ्यातून वाफ निघत होती. कालपासून त्या घरात कुणी घास घेतला नव्हता.

ऑर्व्हिलने तीन ताटल्या मांडल्या, जराशाने चौथी मांडली. मग रोजच्यासारखे हात जोडले. "प्रभू, तू समोर ठेवलंस त्याबद्दल तुझे आभार. उद्याचं तू आम्हाला सांगितलं नाहीस, म्हणून आम्ही विचारत नाही. विचारावंसं फार वाटतं, ते तुला माहीत आहे. जो अजून टेबलाशी आलेला नाही, त्याला उशीर होतोय. तू त्याच्याजवळ थांब. आमेन."

मित्रांनो, मी गावातल्या किती जेवणांत प्रार्थना ऐकल्या, पण त्या सगळ्या संपलेल्या गोष्टीवर असायच्या. न संपलेल्या गोष्टीवर मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मला वाटायचं, विश्वास असला की माणूस घाबरत नाही. छे! या तिघांचे हात थरथरत होते, चमचे ताटलीवर वाजत होते, आणि तरी ते खात होते.

ऑर्व्हिल वाढायला लागला तेव्हा माझा एक कोपरा त्याने सोडला. तिथला चुरा जरा जास्त खरपूस झाला होता. "हा डेलला आवडतो," तो म्हणाला. "याला कुणी हात लावायचा नाही." जोलीनने मान हलवली आणि एक मोठा घास घेतला.

मग वाट पाहणं. वाट पाहण्याइतकं कठीण काम दुसरं नाही, विचारा माझ्यासारख्या फळीवर बसणाऱ्याला. भिंतीवरचा फोन सारखा खणखणत होता. दर वेळी जोलीन उडी मारून उचलायची आणि दर वेळी कुणीतरी बाई, "काही कळलं का गं?" विमानाचा आवाज एकदा घरावरून गेला, पुन्हा आला नाही. व्हर्नाने भांडी धुतली, मग धुतलेलीच पुन्हा धुतली. मला मात्र जोलीनने हात लावू दिला नाही.

आणि दिवस मावळायच्या सुमारास खिडकीबाहेर टायर करकरले. शेरीफचीच गाडी.

व्हर्नाने ओट्याचा आधार घेतला. ऑर्व्हिल उठून उभा राहिला. गाडीतून बातमी कसली येते ते तिघांनाही ठाऊक होतं. जोलीन दाराकडे गेली नाही. ती माझ्याजवळ आली आणि माझे दोन्ही कान तिने गच्च धरले. तिचे हात बर्फासारखे होते. "प्रभू," ती पुटपुटली, "तू सोडू नकोस. काय वाट्टेल ते असू दे, तू सोडू नकोस."

लाईल दार न वाजवताच आत घुसला. "काय हो हे!" तो ओरडला. "तासभर फोन करतोय, लागेल तर शपथ! सगळ्या गावाला आजच बोलायचंय का तुमच्याशी? सापडला! बर्फ सरोवरातल्या एका बेटाला जाऊन टेकलं होतं. शिकाऱ्यांच्या झोपडीत शेकोटी करून बसला होता पठ्ठ्या. पायाची बोटं जराशी काळी पडलीत, बाकी धडधाकट. दवाखान्यात आहे, आणि भूक लागली म्हणून नर्सचं डोकं खातोय."

जोलीन तिथेच खाली बसली. व्हर्ना तिच्या शेजारी बसली आणि दोघी गळ्यात पडून हमसाहमशी रडल्या. ऑर्व्हिलने लाईलला कॉफी ओतली. ती निम्मी बशीत सांडली.

डेल दुसऱ्या दिवशी घरी आला. पायाला हे मोठं बँडेज, ओठ फुटलेले. जोलीनने तो कोपरा गरम करून मला टेबलावर आणलं होतं. डेल लंगडत हसत आत आला आणि मला पाहून जागीच थांबला. हसू मावळलं. त्याने बायकोकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, व्हर्नाकडे पाहिलं. मग हळूच टोपी काढली.

"कोण गेलं?" त्याने विचारलं.

"तू," ऑर्व्हिल म्हणाला. "बस. निवतंय."

मित्रांनो, मला घासताना तारेची घासणी वापरू नका, एवढी माझी साधी मागणी आहे. आणि दुसरी जरा मोठी. कुणाच्या घरी संकट आलं तर जरूर जा, रिकाम्या हाताने जाऊ नका. भीती वाटत असली तरी जा, ती काही कुणाला सुटलेली नाही. कपाटाचं दार करकरलं की माझं काळीज अजूनही लक्कन हलतं. फक्त दार वाजवण्याआधी घटकाभर बाहेर थांबा, आणि तुमच्या मनात मयत शिजलं असेल तर ते उंबऱ्याबाहेर ठेवून मग आत जा. आत कुणीतरी अजून वाट पाहत असतं.